पियानोवरची मायनर स्केल्स: कोणतं बोट कुठे आणि का

मायनर स्केल्सचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं की छाती दडपते. बारा सुरांवरून बारा मायनर स्केल्स, प्रत्येकाचे तीन प्रकार, त्यात उजवा हात वेगळा आणि डावा वेगळा. म्हणजे आकड्यांच्या बहात्तर ओळी. बरेचजण इथेच पुस्तक मिटतात, किंवा ए मायनर आणि डी मायनर पाठ करून बाकीच्यांना कायमची बगल देतात.

त्या बहात्तर ओळी पाठ करायची गरज नाही. बारा स्केल्सचे बोटांच्या दृष्टीने चारच गट पडतात, आणि प्रत्येक गटात एका बोटाची जागा पक्की केली की उरलेली बोटं आपोआप ओळीत येतात. ते बोट म्हणजे चौथं, आपली अनामिका. मी पेटी शिकून मग पियानोकडे वळले, त्यामुळे पुढे सरगमची आणि ‘काळी तीन, पांढरी सहा’ची भाषा अधूनमधून येईल. ज्यांना ती येत नाही त्यांनी इंग्रजी सुरांची नावं धरून चालावं, काही अडणार नाही. सी म्हणजे पांढरी एक, ए म्हणजे पांढरी सहा; सी शार्प ही काळी एक, एफ शार्प काळी तीन आणि बी फ्लॅट काळी पाच, एवढं ध्यानात असलं तरी पुरे. नावापुढे शार्प आलं की लगतची उजवीकडची पट्टी, फ्लॅट आलं की लगतची डावीकडची.

१. आधी काय जमवायचं

- पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचं वाद्य. ८८ पट्ट्यांचा पियानो असेल तर उत्तमच, पण ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर दोन सप्तकं दोन्ही हातांनी व्यवस्थित बसतात. लहान मुलांसाठी मिळणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर मात्र फिंगरिंग शिकू नका. तिथे बसलेली बोटं खऱ्या पियानोवर चुकीच्या अंतरावर पडतात.
- जोरात दाबलं की मोठा, हळू दाबलं की लहान आवाज येणाऱ्या पट्ट्या. ही सोय नसेल तर कोणतं बोट कमजोर आहे हे कधीच कळत नाही.
- योग्य उंचीची बैठक. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला यावं. कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवून साध्या खुर्चीत बसलं की खांदे वर चढतात आणि मनगट खाली लोंबतं. खुर्चीवर उशी ठेवा किंवा कीबोर्डसाठी स्टँड घ्या.
- मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र. फोनवरचा चालतो.
- पेन्सिल. पुस्तकात बोटांचे आकडे लिहायला, आणि खोडायला.
- कापलेली नखं. हे सांगायला संकोच वाटतो, पण नखं वाढलेली असतील तर बोटं सपाट पडतात आणि अंगठा खालून सरकवता येत नाही.

कीबोर्डवाल्यांसाठी एक कळकळीची सूचना. ट्रान्सपोजचं बटण शून्यावर ठेवा आणि काही महिने त्याच्याकडे बघूच नका. भजनाला किंवा भावगीताला साथ करताना पांढरी एकवरून वाजवून बटणाने गायकाची पट्टी गाठायची सवय अनेकांना असते, आणि साथीपुरती ती सोयीची आहे. इथे मात्र आपण जे शिकतोय ते नेमकं त्या बटणाने झाकलं जातं.

२. मायनरचे तीन प्रकार कानात बसवा

एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो की पांढरी, याला आपण एक घर म्हणू. ई आणि एफ यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, बी आणि सी यांच्यामध्येही नाही. तिथे लगतच्या दोन पांढऱ्यांमध्ये एकच घर असतं.

नॅचरल मायनर: २-१-२-२-१-२-२. सरगममध्ये सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी. हे आसावरी थाटाचे स्वर. ए पासून वाजवलं तर सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या येतात.

हार्मोनिक मायनर: २-१-२-२-१-३-१. सगळं तेच, फक्त नी शुद्ध. किरवाणीचे स्वर. ए मायनरमध्ये जी चा जी शार्प होतो. पाश्चात्त्य संगीतात पंचमावरचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) सा कडे जोराने ओढणारा हवा असतो, आणि ती ओढ शुद्ध नी मुळे येते. ई, जी शार्प, बी असा कॉर्ड धरा आणि त्यानंतर ए मायनरचा कॉर्ड वाजवा. मग तेच जी शार्पऐवजी साध्या जी ने करून बघा. फरक कानाला लगेच कळतो.

मेलडिक मायनर: चढताना २-१-२-२-२-२-१, म्हणजे ग तेवढा कोमल, ध आणि नी दोन्ही शुद्ध, पटदीपात लागतात ते स्वर. उतरताना ध-नी पुन्हा कोमल होतात, म्हणजे सरळ नॅचरल मायनर. हार्मोनिकमध्ये कोमल ध पासून शुद्ध नी पर्यंत तीन घरांची उडी आहे. गाताना ती अडखळते, ती गुळगुळीत करण्यासाठी हा प्रकार.

रागांची नावं फक्त स्वर ओळखण्यासाठी घेतली आहेत. पटदीपच्या आरोहात रे-ध नसतात, स्केलमध्ये सातही सूर ओळीने येतात. चलन, न्यास यांचा इथे संबंध नाही. पण ज्याच्या कानात किरवाणी मुरलेला आहे त्याला हार्मोनिक मायनरमधला चुकीचा सूर क्षणात कळतो, आणि हा फायदा सोडू नये. म्हणून वाजवण्याआधी प्रत्येक स्केल सरगममध्ये गुणगुणून घ्या.

सुरुवात हार्मोनिकपासून करा. त्याची बोटं बसली की बाकी दोन प्रकार जवळजवळ फुकटात मिळतात. कुठे बदलतात ते आठव्या पायरीत सांगते.

३. चौथ्या बोटाचा नियम

पियानोवर बोटांचे आकडे असे: १ अंगठा, २ तर्जनी, ३ मधलं बोट, ४ अनामिका, ५ करंगळी. दोन्ही हातांना हेच. तबल्यासारखं उजव्या-डाव्याचं वेगळं प्रकरण नाही.

सप्तकात सूर सात. ते हाताला वाटून दिले जातात तीन आणि चार असे: १ २ ३, मग १ २ ३ ४. त्यानंतर पुन्हा तेच. याचा अर्थ प्रत्येक सप्तकात अंगठा दोनदा येतो, आणि चौथं बोट एकदाच. करंगळी मधे कुठेच येत नाही, आली तर फक्त अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी.

दुसरा नियम: अंगठा काळ्या पट्टीवर ठेवायचा नाही. बारा मायनर स्केल्सपैकी एकाही स्केलमध्ये त्याची गरज पडत नाही.

हे दोन नियम एकत्र धरले की प्रत्येक स्केलसाठी एकच प्रश्न उरतो: चौथं बोट कुठे पडतं? त्याचं उत्तर माहीत असेल तर मधेच विसरलं तरी हात सावरतो. म्हणून वहीत आकड्यांची अख्खी ओळ लिहून काढण्याऐवजी प्रत्येक स्केलपुढे चौथ्या बोटाचा सूर तेवढा लिहा.

अंगठा असा बोटांखालून नेण्याची पद्धत फार जुनी नाही, हे मला नेहमी नवलाचं वाटतं. जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ साली वादनावर लिहिताना वडिलांची, योहान सेबास्टियन बाख यांची, आठवण नोंदवली आहे: त्यांच्या तरुणपणी थोर वादकसुद्धा हात फार ताणावा लागला तरच अंगठा वापरत असत. आज पहिल्या आठवड्यात मुलांना शिकवली जाणारी गोष्ट त्या काळी नवी होती.

४. पहिला गट: ए, डी, ई, जी, सी

या पाचांची बोटं अगदी सारखी आहेत, सी मेजरसारखीच (सी पासूनची सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची स्केल).

उजवा हात, चढताना: १ २ ३ १ २ ३ ४ ५
डावा हात, चढताना: ५ ४ ३ २ १ ३ २ १

दोन सप्तकं वाजवताना उजवा: १ २ ३ १ २ ३ ४, १ २ ३ १ २ ३ ४ ५. डावा: ५ ४ ३ २ १ ३ २ १, ४ ३ २ १ ३ २ १. चौथं बोट उजव्या हातात नेहमी नी वर, डाव्यात नेहमी रे वर. उतरताना हेच आकडे उलटे.

हार्मोनिकचे सूर:

- ए: ए बी सी डी ई एफ जी-शार्प
- डी: डी ई एफ जी ए बी-फ्लॅट सी-शार्प
- ई: ई एफ-शार्प जी ए बी सी डी-शार्प
- जी: जी ए बी-फ्लॅट सी डी ई-फ्लॅट एफ-शार्प
- सी: सी डी ई-फ्लॅट एफ जी ए-फ्लॅट बी

आता ए मायनर उजव्या हाताने अगदी सावकाश वाजवू. अंगठा ए वर. तर्जनीने बी दाबला की अंगठा ए सोडतो, आणि त्याच क्षणी तळहाताखाली सरकायला लागायला हवा. मधलं बोट सी वर असताना अंगठा डी च्या वर येऊन थांबलेला हवा. सी वाजून झाल्यावर अंगठा शोधाशोध करत निघाला तर उशीर झाला. मग कोपर बाहेर फेकलं जातं, मनगट वाकतं आणि डी धप्पकन आपटतो. कोपर शांत ठेवा. पुढचा हात पट्ट्यांना समांतर सरकू द्या, म्हणजे अंगठ्याला फार वळावं लागत नाही.

पुढे खरी मेख आहे. अंगठा डी वर, तर्जनी ई वर, मधलं बोट एफ वर आणि मग अनामिका जी शार्पवर. एफ ते जी शार्प तीन घरं. मधलं बोट आणि अनामिका यांच्यात तेवढी फाक सहज पडत नाही, आणि जी शार्प काळी असल्याने ती मागे आहे. म्हणून ई वाजवतानाच हात जरा आत, काळ्या पट्ट्यांकडे सरकवा. एफ पट्टीच्या कडेवर न वाजवता काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत वाजवा. मग अनामिका जी शार्पवर ताण न देता पोहोचते, आणि तिथून अंगठ्याला वरच्या ए कडे जायला भरपूर जागाही मिळते.

डाव्या हातात गंमत उलटी. चढताना अंगठा ई वर पोहोचला की मधलं बोट त्याच्यावरून पलीकडे एफ वर टाकायचं, मग तर्जनी जी शार्पवर, अंगठा ए वर. बोट वरून टाकताना हात उडवू नका. अंगठा ई वर टेकलेला राहतो आणि हात त्याच्या आधाराने वळतो.

पेटीवाल्यांनी इथे थोडा जास्त वेळ द्यावा. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे तो पट्ट्यांना पूर्ण नवा आहे. आणि उजव्या हाताचाही एक दोष पेटी झाकून ठेवते: तिथे आवाजाचा जोर भात्यातून येतो, म्हणून दुबळी अनामिका आणि दणकट अंगठा दोघांचा आवाज सारखाच निघतो. पियानोवर प्रत्येक बोटाचा आवाज त्या बोटाने पट्टी किती वेगाने दाबली यावर ठरतो. अंगठ्याचे सूर ठसठशीत आणि नी बारीक, असं ऐकू आलं तर घाबरू नका. पेटीवरून आलेल्या जवळपास प्रत्येकाचं हेच होतं. अंगठा मुद्दाम हलका ठेवून आठवडाभर वाजवा. स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर हा असमतोल पटकन सापडतो.

५. दुसरा गट: बी आणि एफ

या दोघांत एकेक हात नेहमीचा, आणि एकेक वेगळा.

बी हार्मोनिक: बी सी-शार्प डी ई एफ-शार्प जी ए-शार्प. उजवा हात पहिल्या गटासारखाच. डावा चौथ्या बोटाने सुरू होतो: ४ ३ २ १ ४ ३ २ १, आणि पुढच्या सप्तकात ३ २ १ ४ ३ २ १. पाचव्या सुरावर, म्हणजे एफ शार्पवर, चौथं बोट अंगठ्यावरून टाकायचं असतं. सवयीने मधलं पडतं आणि मग एक बोट कमी पडतं.

एफ हार्मोनिक: एफ जी ए-फ्लॅट बी-फ्लॅट सी डी-फ्लॅट ई. इथे डावा नेहमीचा. उजवा: १ २ ३ ४ १ २ ३, पुढच्या सप्तकात पुन्हा १ २ ३ ४ १ २ ३, आणि सगळ्यात वरचा एफ चौथ्या बोटाने. चौथं बोट बी फ्लॅटवर. नेहमीच्या १ २ ३ १ ने वाजवायला गेलात तर अंगठा बी फ्लॅटवर, म्हणजे काळ्या पट्टीवर येईल. म्हणूनच हा बदल.

६. तिसरा गट: एफ शार्प, सी शार्प, जी शार्प

काळ्या पट्टीवरून सुरू होणारी स्केल्स बघून लोक बिचकतात. कारण कळत नाही, कारण हाताला ही जास्त सोयीची आहेत. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढरीवर, ही हाताची स्वाभाविक ठेवण. पियानोवादक-संगीतकार शोपाँ शिष्यांना सी मेजरपासून सुरुवात करू देत नसत. बी मेजरसारखी पाचही काळ्या पट्ट्या असलेली स्केल आधी देत. सी मेजर वाचायला सोपी असली तरी हाताला अवघड, असं त्यांचं मत होतं. माझा अनुभवही हाच आहे.

उजवा हात तिघांनाही एकच: ३ ४ १ २ ३ १ २ ३. चौथं बोट रे वर. पुढचं सप्तक पुन्हा ४ पासून: ४ १ २ ३ १ २ ३. काही पुस्तकं सुरुवात २ ३ १ अशी देतात. पहिल्या दोन सुरांपुरता तो फरक आहे.

डावा हात:

- एफ शार्प: ४ ३ २ १ ३ २ १ ४ (चौथं बोट सा वर, एफ शार्प)
- सी शार्प: ३ २ १ ४ ३ २ १ ३ (चौथं बोट म वर, एफ शार्प)
- जी शार्प: ३ २ १ ४ ३ २ १ ३ (चौथं बोट म वर, सी शार्प)

सूर वाचताना इथे ई शार्प, बी शार्प, एफ डबल शार्प अशी नावं येतात. बिचकू नका. स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यावं लागतं, म्हणून तसं लिहितात. एफ शार्प मायनरमधला ई शार्प म्हणजे एफ ची पट्टी, पांढरी चार. सी शार्प मायनरचा बी शार्प म्हणजे सी, पांढरी एक. जी शार्प मायनरचा एफ डबल शार्प म्हणजे जी, पांढरी पाच. तिन्ही ठिकाणी तो शुद्ध नी आहे आणि डाव्या हाताचा अंगठा नेमका त्याच्यावर पडतो. ही खूण चांगली लक्षात राहते.

७. चौथा गट: बी फ्लॅट आणि ई फ्लॅट

बी फ्लॅट हार्मोनिक: बी-फ्लॅट सी डी-फ्लॅट ई-फ्लॅट एफ जी-फ्लॅट ए.
उजवा: ४ १ २ ३ १ २ ३ ४. डावा: २ १ ३ २ १ ४ ३ २.

ई फ्लॅट हार्मोनिक: ई-फ्लॅट एफ जी-फ्लॅट ए-फ्लॅट बी-फ्लॅट सी-फ्लॅट डी.
उजवा: ३ १ २ ३ ४ १ २ ३. डावा: २ १ ४ ३ २ १ ३ २.

ई फ्लॅटमधला सी फ्लॅट म्हणजे बी ची पट्टी, पांढरी सात. कुठे ही स्केल डी शार्प मायनर म्हणून लिहिलेली दिसेल. पट्ट्या त्याच, बोटं तीच.

आता चौथ्या बोटाची बेरीज करून बघा. उजव्या हातात बी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि जी शार्प या पाचही स्केल्समध्ये चौथं बोट काळी पाचवर पडतं. डाव्या हातात बी, एफ शार्प, सी शार्प, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट या पाचांत ते काळी तीनवर पडतं. नावं ए शार्प की बी फ्लॅट, एफ शार्प की जी फ्लॅट अशी बदलतात, पट्टी बदलत नाही. पेटीवर पट्टीला आकड्याने ओळखायची आपली सवय इथे इंग्रजी नावांपेक्षा जास्त कामाची आहे. उजवा काळी पाच, डावा काळी तीन: एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

८. मेलडिक आणि नॅचरल: बोटं कुठे बदलतात

बारापैकी नऊ स्केल्समध्ये काहीच बदलत नाही. हार्मोनिकची बोटं तशीच चालतात. बदल फक्त तिसऱ्या गटात:

- एफ शार्प आणि सी शार्प मेलडिक, उजवा हात, चढताना: कोमल ध शुद्ध झाला की तो काळ्या पट्टीवर जातो, आणि हार्मोनिकमध्ये तिथे अंगठा होता. म्हणून २ ३ १ २ ३ ४ १, आणि पुढे पुन्हा तसंच. चौथं बोट आता शुद्ध ध वर. सगळ्यात वरचा सा ३ ने घ्या, आणि उतरताना हार्मोनिकचीच बोटं: ३ २ १ ३ २ १ ४ ३.
- जी शार्प मेलडिक, डावा हात, उतरताना: नी कोमल होऊन काळी तीनवर येतो, तिथे अंगठा नको. म्हणून ३ ४ १ २ ३ १ २ ३. अंगठा ई वर. जी शार्प नॅचरलमध्ये चढता-उतरता दोन्हीकडे अंगठा ई वरच.

मेलडिकमध्ये सगळ्यात जास्त घात होतो तो वरच्या सा वर. चढून गेलेला हात त्याच सुरांवरून परत येतो आणि उतरतानाही शुद्ध नी वाजतो. वरच्या सा वर क्षणभर थांबून ‘कोमल नी, कोमल ध’ असं तोंडाने म्हणा आणि मग उतरा. काही दिवसांनी थांबायची गरज राहत नाही.

९. दोन्ही हात एकत्र

एकेक हात न बघता, न अडखळता दोन सप्तकं चढ-उतार करू लागेपर्यंत हात एकत्र करू नका. घाई केली की दुबळा हात दुसऱ्याच्या मागे फरपटत जातो, आणि चुकीची बोटं अशी घट्ट बसतात की ती सोडवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

एकत्र करताना प्रत्येक गटात दोन्ही हातांची भेट कुठे होते ते धरून ठेवा.

पहिल्या गटात दोन्ही हातांची मधली बोटं एकाच वेळी पडतात: कोमल ग वर आणि कोमल ध वर. पाचही स्केल्समध्ये, चढताना आणि उतरताना. हात बिघडला तर या दोन सुरांवर तो पुन्हा जुळवून घेता येतो.

बी, एफ, बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमध्ये दोन्ही अंगठे एकत्र पडतात. फक्त बी आणि एफ यांच्यात सगळ्यात खालच्या किंवा वरच्या सा वर बोटं वेगळी असतात. बी मध्ये अंगठे ई आणि बी वर, एफ आणि बी फ्लॅटमध्ये सी आणि एफ वर, ई फ्लॅटमध्ये एफ आणि सी फ्लॅटवर. म्हणून दोन्ही हातांनी वाजवायला हीच चार सर्वात सोपी. ए मायनर एकत्र जुळत नसेल तर लगेच ई फ्लॅट करून बघा; पानावर कितीही भयंकर दिसली तरी हाताला ती गोड लागते.

सर्वात अवघड एफ शार्प. तिथे अंगठे कुठेच भेटत नाहीत. ती शेवटी घ्या.

१०. रोज किती आणि कसं

पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. एका आठवड्यात दोनच स्केल्स घ्या. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक सूर. मग त्याच वेगात एका ठोक्याला दोन, आणि स्वच्छ झालं तर चार. चारवर अडखळलात तर आकडा ६० वरून ५० वर आणा. बिघडलेली लय लपवायला पेडल दाबू नका. स्केल्सना पेडल नको.

अडणारी जागा नेहमी अंगठ्याच्या आसपास असते. म्हणून अख्खी स्केल पुन्हापुन्हा वाजवण्याऐवजी तीनच सूर घ्या: अंगठ्याच्या आधीचा, अंगठ्याचा, नंतरचा. पुढे-मागे, पुढे-मागे. ए मायनरमध्ये सी-डी-ई, आणि वर जी शार्प-ए-बी. मनगट किंवा पुढचा हात दुखायला लागला तर तिथेच थांबा. हे व्यायामातलं अंग दुखणं नाही, ताण चुकीचा पडतोय याची ती खूण आहे. बहुतेक वेळा खांदा चढलेला असतो किंवा अंगठा दाबून ठेवलेला असतो.

११. परीक्षा द्यायची असेल तर

मुंबई, पुणे, गोव्यात पियानोच्या परीक्षा मुख्यत्वे दोन ब्रिटिश संस्थांच्या चालतात: ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि १८८९ साली स्थापन झालेलं एबीआरएसएम. नाव भरण्याआधी चालू वर्षाचा अभ्यासक्रम स्वतः डोळ्यांखालून घाला, मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवर विसंबू नका. तीन गोष्टी तपासा: मायनरचा कोणता प्रकार मागितला आहे की निवडायची मुभा आहे, किती सप्तकं, आणि हात वेगळे की एकत्र. स्केल्स पाठ वाजवायच्या असतात, पुस्तक समोर ठेवता येत नाही. एबीआरएसएमच्या ‘परफॉर्मन्स’ श्रेणींमध्ये स्केल्स नसतात, ‘प्रॅक्टिकल’मध्ये असतात, मुलांचं नाव कशात नोंदवलं आहे हे पालकांनी क्लासमध्ये आधी विचारून घ्यावं.

परीक्षक एकच स्केल नावाने मागतात, तीही कोणत्याही क्रमाने. म्हणून घरी चिठ्ठ्या टाका: बारा चिठ्ठ्यांवर बारा नावं, एक उचलायची, दोन्ही हातांचं चौथं बोट कुठे ते मोठ्याने सांगायचं, आणि मगच वाजवायचं. पुस्तकातली आणि तुमच्या शिक्षकांनी सांगितलेली बोटं कुठे वेगळी दिसली, तर तुमच्या हाताला सोयीची एक ओळ निवडा, तीच पेन्सिलीने पुस्तकात लिहा आणि दुसरी खोडून टाका.